दिव्याभोवतीचे पंखवाले किडे आणि वाळवी: एक खुलासा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे आले म्हणजे तुमच्या घराला वाळवी लागली. सातव्या मजल्याच्या वर मात्र भीती नाही.' दोन्ही गोष्टी चूक.

पाऊस पडला की जमिनीतल्या वारुळांतून पंखवाली वाळवी बाहेर उडते आणि उजेडाकडे येते. येऊरचं जंगल एवढं जवळ, तेव्हा किडे येणारच. खिडकी लावा, दिवा घालवा, झालं. शिवाय त्यातले कितीतरी किडे पंखवाल्या मुंग्याच असतात. मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर नसते आणि चारही पंख सारखे.

खरी काळजी कधी? खिडक्या बंद असतानाही चौकटीच्या फटीतून किडे निघाले किंवा कपाटामागे गळलेल्या पंखांचा ढीग सापडला तर. भिंतीवर, चौकटीच्या कडेने पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर ती थोडी खरवडा. आत पांढुरके किडे दिसले किंवा दोन-चार दिवसांत नळी पुन्हा लिंपली गेली, तर वाळवी जिवंत आहे. नळी रिकामी निघाली म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. दारावर टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो का. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. त्याचा उपाय वेगळा.

आणि मजल्याचं म्हणाल, तर पाइपांच्या डक्टमधून, भिंतींच्या फटींतून वाळवी वर चढते. तिला लिफ्ट लागत नाही.