पंपाच्या सुया माझ्या बॅगेत राहिल्या

काल रात्री शेवटी बॅग रिकामी केली. परत येऊन चार दिवस झाले तरी ती तशीच कोपऱ्यात पडलेली, आई रोज टोमणे मारत होती. तर तळाशी मोज्यात गुंडाळलेल्या काय निघाल्या तर बॉलमध्ये हवा भरायच्या सुया. एक नाही, तिन्हीच्या तिन्ही. म्हणजे आम्ही तिकडे 24 बास्केटबॉल आणि एक पंप देऊन आलो, टाळ्या, प्रार्थना, फोटो सगळं करून, आणि सुया माझ्याबरोबर सिंगापूरमार्गे पुण्यात! आधी खूप हसले, मग एकदम कसंतरीच झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मे महिन्यात नऊ दिवस फिलिपीन्सला गेले होते, नेग्रोस बेटावर, बाकोलोड शहराच्या बाहेर. स्पोर्ट्स मिशन ट्रिप, म्हणजे पोरांना खेळ शिकवायचा आणि त्याबरोबर येशूचंही सांगायचं. धाकटी बहीण सिंगापूरला असते, तिच्या चर्चची टीम दरवर्षी जाते, यंदा ऐनवेळी एक कोच गळाली आणि हिने माझं नाव दिलं. मी शाळेत पीटी शिकवते, बास्केटबॉल जिल्ह्यापर्यंत खेळलेय, चर्चला लहानपणापासून जाते, त्यामुळे कागदावर एकदम फिट. (धर्मांतरावर भांडायला आलेल्यांनी जरा दम धरा, तुमच्या कामाचंही पुढे आहे.)

पहिला धक्का म्हणजे त्या पोरांना बास्केटबॉल शिकवायला जाणं हाच एक विनोद आहे. आपल्याकडे दोन विटा ठेवून क्रिकेट चालतं ना, तसं तिथे नारळाच्या झाडाला रिंग ठोकलेली असते आणि पोरं स्लीपर घालून, काही तर अनवाणी, असलं ड्रिबल करतात की बघत राहावं. 1954 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तिसरा नंबर आलेला देश आहे तो! आणि मुळात हा खेळच मिशनवाल्यांचा. 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) ट्रेनिंग स्कूलमध्ये थिऑलॉजी शिकलेल्या जेम्स नायस्मिथने तो काढला, पीचच्या टोपल्या ठोकून, आणि टोपलीला बूड होतं म्हणून बॉल आत गेला की कुणीतरी वर चढून काढायचा. पुढे अमेरिकेचं राज्य असताना वायएमसीएवाल्यांनीच तो फिलिपीन्सभर पसरवला. म्हणजे आम्ही शंभरेक वर्षं उशिरा पोचलो होतो. आणि येशूच्या बाबतीत तर पाचशे वर्षं, कारण स्पेनच्या राजाने पाठवलेला दर्यावर्दी मॅगेलन तिथे 1521 लाच गेलेला. आमच्या ग्राउंडवरच्या बहुतेक पोरांच्या गळ्यात क्रॉस होता, सकाळी आली की मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावायची, ‘मानो’ म्हणतात त्याला, आपल्या नमस्कारासारखंच. मला ‘आते’ म्हणायची. तिकडे आते म्हणजे ताई, पण माझ्या कानाला ते आत्याच ऐकू यायचं, आणि नऊ दिवसांत मी चाळीस पोरांची आत्या झाले.

दुसरा धक्का ऊस. विमानतळावरून निघालो आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मला वाटलं श्रीरामपूरला उतरले की काय. माझं आजोळ हरेगावचं, मतमाउलीच्या (म्हणजे मारियामातेच्या) यात्रेचं, तिथल्या जुन्या साखर कारखान्याच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. नेग्रोस म्हणजे फिलिपीन्सचं साखरेचं बेट. तिथेही बाहेरून टोळ्या येतात ऊस तोडायला, शेजारच्या पनाय बेटावरून, त्यांना ‘सकाडा’ म्हणतात. बीड-पाथर्डीच्या टोळ्या डोळ्यासमोर आल्या. आणि गाळप संपलं की पुढचे काही महिने हाताला काम नसतं त्याला शब्द आहे ‘तिएम्पो मुएर्तो’, स्पॅनिश, मेलेला काळ. आम्ही होतो तेव्हा तो सुरूच होत होता. सकाळी प्रॅक्टिसला येणारी दोन मुलं सहाव्या दिवसापासून आलीच नाहीत, विचारलं तर बापाबरोबर बांधकामावर गेली म्हणे. आमच्या रोजच्या मीटिंगमध्ये त्याची नोंद ‘ॲब्सेंट, दोन’ एवढीच.

आता शेवटच्या दिवसाचं सांगते, कारण मला बोलायचंय ते त्याच्याबद्दलच.

शेवटच्या दिवशी सकाळी फायनल. दुपारी बक्षिसं, मग टीममधले दोघं साक्ष देतात (येशूमुळे आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगतात), मग एक मेसेज, म्हणजे छोटं प्रवचन, मग डोळे मिटायला सांगायचे आणि ज्याला येशूला स्वीकारायचंय त्याने हात वर करायचा. मागे आमचे दोन जण पॅड घेऊन उभे, मोजायला. मीही मोजणाऱ्यांतच होते, खोटं का बोलू. 61 हात. माझ्या शेजारी एक अकरा-बारा वर्षांचा पोरगा, फायनलमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे, त्याचा हात वर. नंतर पाणी पिताना त्याला सहज विचारलं, तर म्हणाला, आते, मी दरवर्षी करतो, नाहीतर तुम्ही लोक उदास होता.

आता हसायचं की रडायचं सांगा. पोरगा आमची काळजी घेत होता!

आणि रात्री रिपोर्टमध्ये 61 गेले, तोही धरून.

मला या मोजणीचा राग येतो त्याचं अजून एक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये. त्या काळी मिशनरी वर्षाच्या वर्षाला रिपोर्ट पाठवायचे घरी, कुठल्या गावात किती सभासद, शाळेत किती पोरं, सगळे तक्ते. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. म्हणजे माझा पणजोबाही कुठल्यातरी तक्त्यात एक आकडा असणार. पण आमच्या घरात त्याची गोष्ट आकड्याची नाहीये, ती शाळेची आहे, विहिरीच्या पाण्याची आहे, आणि एका पाद्रीसाहेबाची आहे जो गावातच म्हातारा झाला आणि मराठीत भांडायला शिकला. आजी म्हणायची, तो गेला तेव्हा सगळं गाव रडलं, आणि तो गेला म्हणजे मेला, बोटीत बसून नाही गेला.

आम्ही मात्र नवव्या दिवशी रडलो आणि दहाव्या दिवशी सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर लाक्सा (तिकडचं नूडल्सचं सूप) खाल्ला.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट आमच्या ट्रिपमध्ये तीन वेळा सांगितली गेली, रविवारी पळणार नाही म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर सोडली आणि 400 मध्ये गोल्ड घेतलं, तोच. सगळे त्या गोल्डपाशी थांबतात. पुढचं मला जास्त मोठं वाटतं. 1925 मध्ये तो चीनला शिकवायला गेला, युद्ध जवळ आलं तेव्हा गरोदर बायकोला आणि दोन पोरींना कॅनडाला पाठवलं, तिसरी मुलगी झाली तिचं तोंडही त्याने पाहिलं नाही, जपान्यांच्या कॅम्पमध्ये 1945 मध्ये वारला. त्या कॅम्पमध्ये तो पोरांचे खेळ घ्यायचा, रविवार सोडून. मग एका रविवारी पोरांनी आपापली मॅच लावली आणि मारामाऱ्या झाल्या, तेव्हा पुढच्या रविवारपासून हा स्वतः शिट्टी घेऊन उभा राहिला. ज्या नियमापायी ऑलिंपिकची रेस सोडली तो नियम पोरांसाठी मोडला!! हे आम्हाला कुणी सांगत नाही. नऊ दिवसांच्या ट्रिपला पॅरिसच परवडतं.

सगळ्यांनी आयुष्यभर तिकडे राहावं असं मी म्हणत नाहीये, मला स्वतःला जूनमध्ये शाळा आहे. ट्रिप बंद करा असंही नाही, मुलं खरंच खूश होती, मीही. पण तिथे वर्षभर पोरांना खेळवतो तो नोंग (नोंग म्हणजे आपलं दादा), ट्रायसिकल (तिकडची रिक्षा, मोटरसायकलला बाजूला डबा जोडलेली) चालवतो, पहाटे पाचला कोर्ट झाडतो, वादळात लोकं कोर्टाच्याच छपराखाली राहायला येतात तेव्हाही हाच चटया टाकतो. समारोपाला त्याला स्टेजवर बोलावलं कशाला, तर आमच्या लीडरच्या हातून बॉलची पिशवी घ्यायला. त्याने दोन वाक्यं बोलायला माईक हातात घेतला तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. शेवटचा दिवस त्याचा पाहिजे होता. आम्ही खाली मांडी घालून बसायला पाहिजे होतं आणि त्याने सांगायचं होतं की बाबांनो एवढं बरं झालं, एवढं चुकलं, आणि हे सामान कुणाकडे राहील, चावी कुणाकडे, सुई कुठेय. कुणीतरी विचारलं असतं तर सुई तिथल्या तिथे सापडली असती!

तर काल रात्रीच त्याला मेसेज टाकला, सुयांचा फोटो आणि सॉरी. सकाळी उत्तर आलं, आधी हसणारे सात-आठ चेहरे. मग लिहिलं, आते काळजी करू नको, वल्कनायझिंगच्या दुकानात (तिकडे पंक्चरवाल्याला असं म्हणतात) एक जुनी सुई मिळाली, आणि तुमचा पंप ट्रायसिकलच्या टायरलाही चालतो. मी विचारलं, पुढच्या वर्षी काय आणू? हे तीन वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं म्हणे. तो म्हणाला बॉल नकोत, बॉल खूप झाले. मुलींना शिकवायला कुणी नाही, वस्तीतल्या दोन बाया तयार आहेत, त्यांना कोचिंग शिकव. पोरांना नको, त्या दोघींना. आणि मेमध्ये येऊ नको, ऑगस्टमध्ये ये, तेव्हा घरात काहीच नसतं आणि पोरं दिवसभर कोर्टावर असतात.

ऑगस्टमध्ये माझी शाळा, तिकडचीही शाळा, आणि पावसाळा. बघू, पंधरा ऑगस्टला जोडून काही सुट्ट्या निघतात का. हेडमास्तर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, सर, वाचत असाल तर विषय काढतेच आहे.

रविवारी चर्चमध्ये ट्रिपबद्दल पाच मिनिटं बोलायचंय. बहिणीने स्लाइड पाठवल्यात, छान केल्यात, पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात 61. ती मी काढून टाकलीये. तिला अजून सांगितलं नाही, हे वाचूनच कळेल.