मेलेल्या सेनापतीकडून काम कसं करून घ्यावं

कल्पनारम्य कादंबऱ्यांची मालिका लिहायची ठरवलीत? अभिनंदन. ड्रॅगन, शापित तलवार, भविष्यवाणी, अनाथ पोरगा हे सामान कुठेही मिळतं, त्याबद्दल मी काय सांगणार. माझा सल्ला त्यापुढचा आहे. पहिला खंड खपला, दुसरा खपला, आणि आता पहिल्यात आपण नक्की काय लिहिलं होतं ते तुम्हाला आठवेना. घाबरू नका. आठवणं हे लेखकाचं काम नव्हे, त्यासाठी वाचक पैसे मोजतो.

नावांपासून सुरुवात करा. राजधानीच्या नावात पहिल्या खंडात एक ‘एच’ घाला, तिसऱ्यात दोन, आणि नकाशावर एकही नको. मधे एखादा अपॉस्ट्रॉफी टाका. तो कुठेही बसतो आणि कुठूनही उडवता येतो. वाचकाला वाटेल ही दोन वेगळी शहरं आहेत, आणि बिचारा अर्धा खंड दुसऱ्या शहराची वाट बघत बसेल. एवढी उत्कंठा तुम्हाला कथानकातून निर्माण करता आली असती का?

हा लाभ मी नुकताच घेतला. एका मालिकेचा सहावा खंड हाती आला. नाव सांगत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? दुसऱ्या खंडात मेलेला सेनापती त्यात हजर. बरं, साधासुधा मेला नव्हता. चितेवर जळला होता, त्याच्यावर पानंच्या पानं शोकगीत होतं, त्याची मुलगी राख घेऊन नदीवर गेली होती आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सहाव्यात तो राजसभेत बसून धान्याच्या भावाबद्दल बोलतोय! भूत नाही, जादू नाही, जुळा भाऊ नाही. सभेत कोणी दचकत नाही. शेजारी बसलेली मुलगीसुद्धा नाही. आणि मधल्या काळात, लग्नात तांदळात नाव लिहून बदलावं तसं तिच्या नावाचं स्पेलिंग बदललेलं, त्यामुळे ती तीच का, हेही छातीठोक सांगता येत नाही.

असो. पुढचा सल्ला.

मुद्रकाशी कधीही वाद घालू नका. टोल्कीन नावाच्या हट्टी प्राध्यापकाने तो घातला होता. १९५४ साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापताना मुद्रकाने शब्दकोशाला स्मरून त्यांचं ‘ड्वार्व्ह्ज’ बदलून ‘ड्वार्फ्स’ केलं, ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’ केलं. प्राध्यापकांनी ते सगळं पुन्हा पूर्ववत करायला लावलं. एका ‘व्ही’साठी! अशा माणसांचा आदर्श ठेवलात तर तुमचा सातवा खंड वेळेत कसा येणार?

नकाशा हवाच, पण मजकुराशी जुळलाच पाहिजे असं नाही. ‘विझर्ड ऑफ ओझ’वाल्या मालिकेच्या १९१४च्या नकाशात ओझच्या पूर्वेला राहणारे मंचकिन लोक डाव्या हाताला आहेत.

माणसांचं शरीर लवचीक ठेवा. यात मोठमोठ्यांनी वाट घालून दिली आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेत रेन्ली या पात्राचे डोळे कधी निळे, कधी हिरवे. एका घोड्याचं तर खंड बदलता बदलता लिंग बदललं. त्यातल्याच जेन वेस्टरलिंग या तरुण राणीची गोष्ट याहून सुरस. २०००च्या खंडात तिची सासू तिची कंबर चांगली भरलेली, बाळंतपणाला योग्य म्हणून मनात नोंद करते. २००५च्या खंडात जेमी नावाचा सरदार तिला बघतो तर कंबर अरुंद. झालं! वाचकांनी निष्कर्ष काढला की ही खरी जेन नव्हेच, खरी कुठेतरी पळून गेली, पोटात वारस असणार. पानिपतानंतर उगवलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची चौकशीही इतक्या बारकाईने झाली नसेल. शेवटी मार्टिननी सांगितलं की चूक झाली. तुम्ही मात्र असलं काही सांगू नका. वाचक सिद्धांत मांडतायत तर मांडू द्या, आणि त्यातला बरा दिसेल तो पुढच्या खंडात वापरा.

आकडे बेधडक द्या. हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स शाळेतल्या निक नावाच्या भुताने पहिल्या भागात जवळजवळ चारशे वर्षं काही खाल्लेलं नव्हतं, आणि दुसऱ्या भागात त्याची पाचशेवी पुण्यतिथी झाली.

मृतांचा क्रम लावत बसू नका. चौथ्या हॅरी पॉटरमध्ये खलनायकाच्या कांडीतून त्याचे बळी उलट्या क्रमाने बाहेर येतात, म्हणजे वडिलांनंतर मारलेली हॅरीची आई आधी यायला हवी. सुरुवातीच्या आवृत्त्यांत आले आधी वडील. पुढे त्यांनी दुरुस्त केलं म्हणा. (निकची चारशे वर्षंही पाचशे केली. काय ही कमकुवत मनाची माणसं!)

आता सगळ्यांत महत्त्वाचं. चूक पकडली गेलीच, तर म्हणायचं काय?

पहिलं उत्तर: ‘निवेदक अविश्वसनीय आहे.’ छान आहे. सेनापतीच्या चितेचं वर्णन करणारा तोच निवेदक, आणि त्याच्याकडून धान्याचे भाव वदवणाराही तोच. तो नक्की कुठे खोटं बोलला, ते दहाव्या खंडात कळेल असं सांगायचं. दहावा लिहायचा नाही.

दुसरं उत्तर सर्वांत लोकप्रिय: ‘उडणारा ड्रॅगन तुम्हाला चालतो, मग एवढंसं का चालत नाही?’ हे मला पुस्तक लिहिणाऱ्यांनीच नाही, वाचणाऱ्यांनीही ऐकवलंय. आणि ऐकवताना चेहऱ्यावर असं हसू, की जणू मी लहान मुलांच्या भातुकलीत हिशेब मागतोय. बाबांनो, ड्रॅगन चालतो म्हणूनच हे चालत नाही! पुण्यातल्या कादंबरीत कोणी लकडी पूल मुठेवरून उचलून मुळेवर नेला, तर आम्ही हसू आणि पान उलटू. लेखक काहीही लिहो, पूल आपल्या जागेवर आहे, उद्या जाऊन बघता येतो. तुमच्या राज्यातला पूल कुठे आहे? तुमच्या वाक्यात. दुसरीकडे कुठेच नाही. तिथली नदी, तिथला राजवंश, तिथलं अंतर, कोण मेलं आणि कोण उरलं, याला तुमच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. दोन वाक्यांत दोन जागी पूल असेल तर तो पूलच नाही, आणि त्यावरून पार झालेली तुमची अख्खी फौज आता हवेत लटकली आहे. ड्रॅगन उडतो हा नियम तुम्ही सांगितला, आम्ही मानला. सेनापती मेला हेही तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही तेही मानलं. त्यासाठी रडलो, राव!

तिसरं उत्तर विद्वानांचं: ‘महाभारतातही विसंगती आहेत.’ आहेत ना. शतकानुशतकं सूतांनी गायलेलं, काश्मिरापासून केरळापर्यंत वेगवेगळ्या लिप्यांत हातांनी उतरवलेलं, प्रत्येक उतरवणाऱ्याने आपल्या पदरचे चार श्लोक घातलेलं ते. त्याचा पाठ निश्चित करायला पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली काम सुरू झालं ते १९६६ला संपलं, १२५९ हस्तलिखितं ताडून. तुमची मालिका किती सूतांनी गायली? तुम्ही एकटे, संगणकासमोर, आणि त्या संगणकात शोधायची सोय फुकट आहे. मुलीचं नाव टाका, बटण दाबा, सहा खंडांत किती स्पेलिंगं आहेत ते चहा गार व्हायच्या आत कळतं. ते करायचं नाही आणि व्यासांच्या मागे लपायचं!

चुका होतात. टोल्कीनच्याही झाल्या. १९३७च्या ‘हॉबिट’मध्ये गॉलम नावाचा प्राणी नायक बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत हरल्यावर आपली जादूची अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो, ती सापडेना म्हणून माफीसुद्धा मागतो. पुढच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये तीच अंगठी आपणहून सोडणं जवळजवळ कोणालाच शक्य नाही, मग हे जमेना. तर १९५१च्या आवृत्तीत प्रकरण नव्याने आलं, आणि जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने अंगठीवर हक्क सांगायला केलेली थाप, असं कथेतच बसवलं गेलं. त्या थापेतून अंगठीचा प्रभावही दिसला. याला डागडुजी म्हणतात. टेरी प्रॅचेट यांनी तर २००१ साली सरळ लिहिलं की त्यांच्या डिस्कवर्ल्ड या काल्पनिक जगाचा इतिहासच फुटला होता आणि भिक्षूंनी तुकडे जमतील तसे जोडले. विनोदी मालिका, विनोदी उत्तर, मान्य. तुमच्या शोकगीतानंतर तो विनोद चालेल का?

आणि एवढा पसारा डोक्यात मावत नाही, हे कोणाला कळत नाही? रॉबर्ट जॉर्डनने आपल्या ‘व्हील ऑफ टाइम’ मालिकेचे तपशील सांभाळायला माणसं ठेवली होती. २००७ साली तो गेला, तेव्हा टिपणांचा ढीग आणि ती माणसं होती म्हणून ब्रँडन सँडरसनला मालिका चौदाव्या खंडापर्यंत नेता आली. मार्टिन अडले की एलिओ गार्सियाला विचारतात, जो मुळात त्यांचा वाचक. मेलेल्या आणि जिवंत लेखकांना जे जमतं ते तुम्हाला का जमत नाही? वही घाला. ती लिहायचा कंटाळा असेल तर वाचकांपैकी कोणाला तरी मानधन देऊन नेमा, आमच्याकडे त्या वह्या तयार आहेत. प्रुफं वाचणाऱ्याला आधीचे खंड वाचायला द्या आणि त्या वेळेचेही पैसे द्या. प्रकाशकांनो, खंडागणिक किंमत वाढवता, कव्हरवर सोनेरी अक्षरं उठवता, मग आत मेलेला माणूस बोलतोय हे तुमच्या इमारतीत एकाच्याही लक्षात येत नाही? चूक दाखवणाऱ्याला ‘कादंबरीचा आनंद घ्या’ असं उत्तर पाठवता? पूर्वी आपल्याकडे पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कोणाची लाज गेली नाही त्याने. तुमच्या सहा खंडांचं शुद्धिपत्र छापा, आधी विकलेल्या प्रतींसाठी फुकट द्या, आणि तोवर सातव्याची आगाऊ नोंदणी मागायला येऊ नका.