गळती थांबली, पण बाटलीमुळेच का?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या गळतीवर मी उगाच पाल्हाळ लावलं आणि लोकांना गिअरबॉक्स उतरवायची भीती घातली. तुमची गाडी काही महिने उभी होती, खाली गिअरबॉक्सच्या लाल तेलाचं थारोळं साचलं होतं; तुम्ही त्या तेलात स्टॉप-लीकची, म्हणजे गळती थांबवणाऱ्या औषधाची, बाटली ओतली, आठवडाभर गाडी फिरवली आणि गळती बंद. 'गळती कुठूनही असो, बाटली पुरते,' असंही तुम्ही म्हणता.

तुमची गळती थांबली, हे मला मान्यच आहे. श्रेय बाटलीचं की आठवडाभराच्या फिरण्याचं, एवढंच विचारतो. गाडी बराच काळ उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) तेल हळूहळू पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या पत्र्याच्या परातीत, उतरतं. पातळी एरवीपेक्षा बरीच वर चढते आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, जे चालत्या गाडीत तेलाच्या वर असतं, ते बुडतं. सील जुनं असेल तर तिथून पाझरतं. गाडी चालू झाली की तेल परत कन्व्हर्टरमध्ये जातं, पातळी उतरते, थेंब थांबतात. बाटली न ओतताही हेच झालं असतं, अशी दाट शक्यता आहे.

बाटलीला माझा सरसकट विरोध नाही. कडक होऊन आकसलेलं रबर ती थोडं फुगवते, तेवढ्यापुरता उपयोग होतो. पण वाकलेला पत्रा ती सरळ कसा करणार? पॅनचे बोल्ट कोणीतरी जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती कड फुगून वर येते. पॅन काढून कडेवर पट्टी धरा, लाटा दिसतील. कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती भोकं हलक्या हाताने ठोकून सपाट करायची, नवं पॅकिंग घालायचं आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जायचे. सिलिकॉन थापू नका. आत लोंबणारे तुकडे सुटून फिल्टरवर जाऊन बसतात.

जनरल मोटर्सच्या (जीएम) टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० किंवा फोर्डच्या सी४, सी६ या गिअरबॉक्समध्ये तर जमिनीवर थेंबही न पडता तेल कमी होतं. व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या, गिअर बदलण्याशी संबंधित भागाचा) पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं आणि मागून पांढरा धूर येतो. मॉड्युलेटरची व्हॅक्यूम होज काढा. आत लाल ओल दिसली की निदान झालं. तिथे बाटली इंजिनालाच पाजल्यासारखी!

आणि यातल्या कशालाच गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. तो उतरतो पुढच्या पंपाच्या सीलसाठी. तेव्हाही नुसतं सील बदलून भागत नाही, पंपाचा बुश (कन्व्हर्टरची मान जिच्यात फिरते ती धातूची कडी) बघावाच लागतो. बुश झिजलेला असला की कन्व्हर्टरची मान डगमगते आणि नवं सीलही खाते.

तुम्ही एक करा. खालचा भाग स्वच्छ पुसा, पातळी बघा (इंजिन गरम आणि चालू ठेवून, क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलला, जीएम-फोर्डमध्ये पार्कला) आणि गाडी पूर्वीइतकीच उभी ठेवून खाली पुठ्ठा अंथरा. डाग शाफ्टच्या बाजूला पडला तर ते सील बदला. कोरडा राहिला तर श्रेय बाटलीला द्यायला माझी हरकत नाही. गिअरबॉक्स कोणता आहे, तेही कळवा.