क्रांतिकारक व्हायचंय? मग वेळेत मरा!

परवा ८ मार्चला एका वाचनालयात मला रशियन क्रांतिकारक मारिया स्पिरिदोनोवावर बोलायला बोलावलं होतं. चाळीस मिनिटं ठरली होती. मग प्रमुख पाहुण्या उशिरा आल्या, दीपप्रज्वलनाला काडेपेटी सापडेना, सत्कारावर सत्कार झाले, आणि माझ्या हातात माईक देताना सूत्रसंचालिका कानात म्हणाल्या, "मॅडम, दहा मिनिटांत आटपा, आणि ते शेवटचं नको हां, आज महिला दिन आहे, प्रेरणादायी तेवढंच घ्या."

तेव्हा आमच्या फ्लेक्सवर यायची इच्छा असलेल्या होतकरू रशियन क्रांतिकारक भगिनींसाठी थोडं मार्गदर्शन. बिचाऱ्या मारियाला हे सांगणारं कोणी नव्हतं.

जन्म आडगावचा बघून घ्या. ही १८८४ची, तांबोवची. चालेल.

गोळी एकविसाव्या वर्षीच झाडा, चाळिशीत झाडलेली गोळी कोणी फोटोसकट फॉरवर्ड करत नाही. जानेवारी १९०६ मध्ये बोरिसोग्लेब्स्क स्टेशनवर हिनं लुझेनोव्स्कीला गोळ्या घातल्या, तांबोव भागातल्या शेतकऱ्यांची बंडं ज्यानं निर्दयपणे चिरडली होती तो. मग झारच्या कोसॅक घोडेस्वारांनी तिला मारलं, फरफटवलं, कोठडीत नागवं करून अंगावर सिगारेटी विझवल्या. तिनं तुरुंगातून पत्र लिहून हे बाहेर पाठवलं, 'रूस' नावाच्या पेपरात ते छापून आलं आणि सगळा रशिया हादरला. हे भाषणात चाललं बरं का, पहिल्या रांगेतल्या दोघींनी डोळेही पुसले. छळ झारच्या माणसांनी केला की श्रोत्यांना सोपं जातं.

फाशी झाली तर कृपा करून घ्या. हिची रद्द होऊन जन्मठेप सक्तमजुरी झाली. इतर पाच जणींबरोबर सैबेरियाला नेताना स्टेशनास्टेशनावर लोक बघायला जमत होते. इथं मरायचं होतं गं बाई! दहा मिनिटांत बसली असतीस.

आणि सुटायचंच असेल तर निदान महिला दिनाला गैरसोयीचं होईल असं सुटू नका. १९१७ ला पेत्रोग्राडच्या गिरणीकामगार बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या तो दिवस ८ मार्चच होता (त्यांच्या जुन्या कॅलेंडरात २३ फेब्रुवारी), आठवड्यात झार गेला आणि मारिया अकरा वर्षांनी सुटली. म्हणजे आजच्या दिवसाशी या बाईचा थेट संबंध आहे, असं मी म्हणतच होते तर समोरून घड्याळ दाखवलं.

आता सगळ्यात महत्त्वाची टीप. तुरुंगातून सुटल्यावर डोकं वापरू नका. ही डाव्या समाजवादी क्रांतिकारकांची पुढारी झाली, शेतकरी हिच्यामागे, म्हणून जानेवारी १९१८ मध्ये संविधान सभेच्या अध्यक्षपदाला तोवर सत्तेवर आलेल्या लेनिनच्या बोल्शेविकांनीच हिला पाठिंबा दिला, समोरच्या गटाच्या चेर्नोवला २४४ मतं, हिला १५३. गप्प बसायचं ना मग! पण खेड्यापाड्यांतून धान्य जबरदस्तीनं उचलायला लागले तेव्हा ही बोलली, तोंडावर बोलली. जुलैमध्ये हिच्या पक्षानं जर्मन राजदूत मिरबाखला मारलं (हो, पक्षाचाच निर्णय होता, मी काही तिला संत म्हणत नाहीये) आणि बोल्शोय थिएटरात सोव्हिएतांचं अधिवेशन चालू असताना हिला धरलं. सुटली, परत बोलली, परत धरली. १९१९ मध्ये कोर्टानं काय शिक्षा दिली माहितीये? हिस्टेरिया आहे, वर्षभर सॅनिटोरियममध्ये ठेवा! बाई फार बोलते ना, मग तिच्या डोक्यातच बिघाड असणार, हे निदान करायला झारचे हुजरे लागत नाहीत, कॉम्रेडही पुरतात. ती तिथून पळाली. परत पकडली. मग समरकंद, ताश्कंद, उफा, हद्दपारीवर हद्दपारी, १९३७ ला पुन्हा अटक, पुढं पंचवीस वर्षांची शिक्षा. ११ सप्टेंबर १९४१, जर्मन सैन्य जवळ आलेलं, ओरेलच्या तुरुंगातून दीडशेवर कैदी मेद्वेदेव जंगलात नेऊन गोळ्या घातल्या, त्यात ही. वय छप्पन.

हे मी सांगितलं. बावीस मिनिटं झाली, झाली तर झाली. नंतर चहाच्या टेबलाशी एक काका आले, "ताई, असं सांगून तुम्ही शत्रूच्या हाती कोलीत देता." ते गेले तर दुसरे आले, खूश होते, "बरं झालं लाल लोकांचं पितळ उघडं पाडलंत, फक्त ती स्वतः समाजवादी होती हे कशाला सांगत बसलात?"

अहो काका, दोन्ही काका, तीच ना ती बाई! लुझेनोव्स्कीवर गोळी शेतकऱ्यांसाठी झाडली आणि लेनिनच्या लोकांशी भांडली तीही शेतकऱ्यांसाठीच, यात न कळण्यासारखं काय आहे? १९३७ मध्ये तुरुंगातून तिनं पत्र लिहिलंय, दिवसातून कितीदा अंगझडती घेतात त्याबद्दल. बोरिसोग्लेब्स्कच्या कोठडीत जिचे कपडे उतरवले होते ती बाई त्रेपन्नाव्या वर्षी क्रांतीच्या तुरुंगात हे लिहिते, आणि तुम्हाला एकाला पहिली कोठडी हवी, एकाला दुसरी. लाज वाटत नाही? आणि संयोजक बायांनो, तुम्हाला तर कुठलीच नको, तुम्हाला वेणी घातलेली मुलगी हवी फ्लेक्सवर. तेही धड जमलं नाही. तीन दिवस झाले, अजून दारावर लटकतोय. काढा तो. त्यावरचा फोटो दुसऱ्याच एका रशियन क्रांतिकारक बाईचा, वेरा फिग्नरचा आहे.