“पूर्वज तेच पाणी प्यायचे” या मेसेजला माझं उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: खेड्यात शुद्ध पाण्याचं खूळ उगाच आणलंय, पूर्वज विहिरी-ओढ्याचंच पाणी पिऊन ठणठणीत होते, नितळ आणि गोड पाणी चांगलंच असतं, त्याने प्रतिकारशक्ती वाढते, लांबून पाणी आणण्यात बायकांचा व्यायाम होतो आणि फारच शंका असेल तर उकळून प्या. वाचून खरंच राग आला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पूर्वज ठणठणीत होते म्हणजे जे जगले ते. जुलाबाने लहानपणीच गेलेली भावंडं कोण मोजतं? आणि नारू विसरलात का? पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जायचा, वर्षभराने पायाला फोड यायचा आणि त्यातून जवळपास मीटरभर लांबीचा जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, आठवडेच्या आठवडे, माणूस अंथरुणाला खिळलेला. १९८६ च्या सुमारास जगात याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये १४. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा. यावर ना लस आहे ना औषध, पाणी कापडातून गाळणं आणि रुग्णाला पाणवठ्यात उतरू न देणं, मुख्यतः एवढ्यावर तो हटला.

नितळ आणि गोड? १८५४ ला लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला. लांब हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका बाईंना त्याच पंपाची चव आवडायची म्हणून त्या मुद्दाम तिथून पाणी मागवायच्या. त्या गेल्या, आणि तेच पाणी प्यायलेली त्यांची भाचीही गेली. जंतूला ना रंग असतो ना चव.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर सारखे जुलाब होणाऱ्या पोराचं आतडंच खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ खुंटते. ते पोर घट्टमुट्ट होत नाही, अजून अशक्त होतं.

आता व्यायाम. हे लिहिणाऱ्याने एकदा २० लिटरचा कॅन उचलून बघावा, नुसतं पाणीच २० किलो भरतं. पाच माणसांच्या घराला माणशी २० लिटर धरलं तरी १०० लिटर, म्हणजे पाच खेपा, एक खेप अर्ध्या तासाची धरली तर अडीच तास, रोज, आजारपणात आणि पोटुशी असतानासुद्धा! जगात १८० कोटी लोकांच्या घराच्या आवारात पाणी नाही आणि अशा दहापैकी सात घरांत ते आणायचं काम बायका-मुलींवरच आहे. पाणी दारात आलं की पहिल्यांदा हे तास सुटतात, मुलगी शाळेत वेळेवर पोचते. अजून एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, डोक्यावरून आणलेलं पाणी माणूस जपून वापरतो, आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, हात धुवायची पाळी शेवटी, आणि जुलाब तिथूनही पसरतात.

उकळायचा सल्ला जंतूंपुरता बरोबर आहे. पण आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट हे पाण्यात विरघळलेले घातक पदार्थ उकळून जात नाहीत, उलट वाफ होऊन पाणी कमी झालं की त्यांचं प्रमाण वाढतं. बांगलादेशात १९७०च्या दशकापासून जुलाब टाळायला म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या, पाणी नितळ होतं, आर्सेनिक कळलं ते १९९०च्या दशकात. म्हणून पाणी तपासावं लागतं, आणि तपासून सरकारी लाल-हिरवा रंग मारलेला पंप असेल (लाल म्हणजे पाणी पिण्यालायक नाही) तर लाल पंपाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला अजिबात घेऊ नका, कितीही उकळलं तरी.