जर्मनीचा ओम आणि परभणीचा बल्ब

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' हे आमच्याकडं पोरगं बोलायला लागलं की पाठ होतं. त्याचा अर्थ विचारू नये. अभिमानाला अर्थ लागत नाही. पण या दोन थोर मुलुखांची गाठ माझ्याच घरात, जिन्याखालच्या बल्बपाशी पडेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही लातूर पॅटर्नच्या शेजारचे, त्यामुळे आमच्या लेकीची दहावी मे महिन्यातच सुरू झाली. जादा वर्गाच्या सरांनी प्रकल्प दिला: घरातल्या एका उपकरणाचा रोध आणि शक्ती काढा. आता 'रोध' म्हणजे करंटला होणारा अडथळा, हे कळायलाच मला पुस्तकाची दोन पानं लागली. मी पतसंस्थेतला कारकून, वाणिज्य शाखेचा. पण सूत्र बघितलं आणि जीव भांड्यात पडला. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती, म्हणजेच वॅट. एक भागाकार, एक गुणाकार. आम्ही रोज सतराशे साठ खात्यांचं व्याज काढतो, आम्हाला काय सांगता!

यातलं रोधाचं सूत्र 1827 साली छापणारा ओम हा जर्मन. कुलपं करणाऱ्याचा मुलगा, कोलोनला शाळामास्तर. त्या वेळी त्याचं कुणी धड ऐकून घेतलं नाही म्हणतात. माझंही घरात तसंच असल्यामुळे मला तो माणूस लगेच जवळचा वाटला.

बाजारातून रोध, करंट मोजायचा मीटर आणला. लाल-काळ्या वायरींचा, पिवळ्या रंगाचा. जिन्याखालचा जुना शंभर वॅटचा बल्ब काढला, फडक्यानं पुसला आणि मीटर लावला. रोध आला 40 ओम.

"पप्पा, आता व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध करा. तरी वॅटच येतात," लेक म्हणाली.

230 चा वर्ग 52,900. भागिले 40. उत्तर आलं 1,322 वॅट.

मी तिसऱ्यांदा गणित केलं आणि मला घाम फुटला. (तो तसाही फुटलेलाच होता, बाहेर 43 डिग्री होतं.) म्हणजे शंभर वॅट असं छापून हा बल्ब इतकी वर्षं माझ्या जिन्याखाली गिझर होऊन बसला होता! बिल का फुगतं ते आज कळलं. मी बायकोला हाक मारून सगळा घोटाळा समजावला. तिनं बल्बकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कणीक मळायला निघून गेली.

बल्ब पिशवीत घालून मी मोटारी भरणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात गेलो. आत व्हार्निशचा उग्र वास, एका कोपऱ्यात जळक्या तारेचा ढीग. तार तांब्याची, पण रंग कोळशाचा. मिस्त्री मांडीवर मोटारीचा स्टेटर घेऊन सुतळीनं वेटोळी बांधत होते. माझं गणित त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सायेब, थंडा बल्ब मोजलाव तुम्ही. पेटला की तार अडीच हजार डिग्रीला जाती. गरम झाली की तिचा रोध तेरा-चौदापट व्हतो. करा आता हिशेब."

केला. शंभर वॅटला 529 ओम. चाळीसच्या तेरापट. मला एकदम पटलं, कारण मे महिन्यात दुपारी तीनला परभणीतल्या कुठल्याही माणसाला काम सांगून बघा, रोध किती वाढतो!

सूत्र आता हातात आलं आहे असं वाटून मी विचारलं, "मग व्होल्टेज पडलं की करंटही पडतो. तरी शेतातल्या मोटारी कमी व्होल्टेजवरच का जळतात?"

मिस्त्री हसले. "त्यो नियम तारेला. मोटार लई मानी. पाणी तेवढंच ओढायचंय, मग व्होल्टेज कमी आलं की ती अँपिअर जास्त घेती. अँपिअर वाढले की तार तापती. तीन फेजला 415 पाहिजेत अन् रात्रीच्या भरण्याला तीनशेबी येईनात." कोपऱ्यातल्या ढिगाकडं हनुवटी करून म्हणाले, "ह्यो सगळा त्याच्यातलाच."

परळीचं औष्णिक केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात. दिव्याखाली अंधार ही म्हण नक्की आमच्याच बाजूला जन्मली असणार.

इथं थांबायला हवं होतं. पण रात्री जेवताना मला वाटलं, पेटलेल्या बल्बचा करंट आपण स्वतःच मोजावा. उत्तर 0.43 अँपिअर यायला हवं. मीटरचं बटण अँपिअरवर फिरवलं, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घातली आणि दोन्ही टोकं सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली.

करंट मोजायचा तर मीटर बल्बच्या ओळीत, एकसर जोडावा लागतो. अँपिअरवर ठेवलेल्या मीटरला स्वतःचा रोध जवळजवळ नसतोच. 230 भागिले जवळजवळ शून्य हा भागाकार मी कागदावर कधी केला नव्हता. भिंतीनं तो करून दाखवला. फाट्! निळा उजेड झाला, एमसीबीचा खटका खाली पडला, वायरीचं टोक काजळीसारखं काळं. हात शाबूत राहिले ते पूर्वजांच्या पुण्याईनं. चाचपडत जाऊन एमसीबी वर केला तरी अंधारच. खिडकीतून बघतो तर अख्ख्या गल्लीची लाईट गेलेली.

डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, तेव्हाच काही झालं की माझा तिथवर हात पोचला, याचा निकाल अजून लागलेला नाही. मी चौकशीही केली नाही. कूलर बंद पडल्यामुळं सगळी गल्ली गाद्या घेऊन गच्चीवर आली आणि लाईटवाल्यांना शिव्या घालू लागली. मीही घातल्या, जरा मोठ्यानंच.

लेकीनं मोबाईलच्या उजेडात वही पुरी केली. बल्बवरचे छापील आकडे घेतले, दोन ओळींत 529 ओम आणि 0.43 अँपिअर काढून मोकळी झाली. शेवटी 'प्रकल्प करताना आलेल्या अडचणी' असा रकाना होता. ती झोपल्यावर मी हळूच वाचला. एकच शब्द लिहिला होता: पप्पा.