मॅनिफोल्डजवळ पाणी दिसलं म्हणून गॅस्केट गेलं असं होत नाही

बोटीच्या इंजिनांतल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दल (सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करून बाहेर नेणारा भाग) एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: "एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी पाणी दिसलं की समजायचं, गॅस्केट गेलं. बोल्ट आवळा, नाहीच थांबलं तर सिलिकॉन लावा. इंजिन नीट चालतंय तोवर घाई नाही. शंका असेल तर प्रेशर टेस्ट घ्या, पास झाली की विषय संपला." हा सल्ला ऐकून लोक इंजिनं गमावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या जोडात गळती अडवायला बसवलेला पातळ थर. बऱ्याच इंजिनांत मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरांवरचा भाग) यांच्यामधल्या जोडातून फक्त जळालेला वायू जातो, पाणी तिथून जातच नाही. ते वेगळ्या होजने मॅनिफोल्डच्या जॅकेटमध्ये (वायूच्या वाटेभोवतीची पाण्याची पोकळी) येतं. अशा इंजिनात त्या जोडावर ओल दिसली तर ती त्या गॅस्केटची असूच शकत नाही. एक तर मॅनिफोल्डच्या बीडाला (ओतीव लोखंडाला) चीर आहे, नाहीतर पाणी वरून ओघळत आलंय. वर संशयित पुष्कळ असतात: मॅनिफोल्ड आणि रायझर (मॅनिफोल्डवरचा भाग, ज्यातून वायू आणि पाणी पुढे एक्झॉस्टमध्ये जातात) यांचा जोड (इथे मात्र बहुतेकदा पाणी आणि वायू शेजारी-शेजारी जातात), होजची टोकं, थर्मोस्टॅटचं घर, हीट एक्स्चेंजरचं झाकण. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचं सील झिजलं की पाणी त्याच्या खालच्या भोकातून ठिबकतं, बेल्टवर पडतं आणि तिथून पार लांब उडतं. मॅनिफोल्ड भिजलेला दिसतो, दोष असतो पंपात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी सगळं कोरडं पुसा. संशयाच्या जागांवर खडूची पूड भुरभुरवा, टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि थंड इंजिन सुरू करून वरून खाली बघत या. पेट्रोल इंजिन असेल तर आधी ब्लोअर (इंजिनच्या खोलीतला पंखा) चालवून आतली पेट्रोलची वाफ बाहेर काढा, आणि फिरत्या बेल्टपासून हात लांब ठेवा. पूड जिथे पहिल्यांदा भिजेल तिथे गळती. इंजिन तापल्यावर बारीक गळतीचं पाणी तिथल्या तिथे उडून जातं, पण डाग मागे राहतो. पांढरा खरखरीत मिठाचा थर असेल तर समुद्राचं पाणी, हिरवट किंवा गुलाबी चिकट डाग असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव). चव घेऊन ओळखायला जाऊ नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

आता बोल्ट. बोल्ट मुळात सैल असेल तर आवळण्यात काही चूक नाही, पण तो मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आणि तिथे दिलेल्या क्रमानेच. अंदाजाने जोर लावला की बीड ताणलं जात नाही, तडकतं. जोडाचा पृष्ठभाग वाकलेला असेल तर कितीही आवळून तो बसणार नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पात्या) लावून आधी तेच तपासावं. सिलिकॉनबद्दल माझं मत ठाम आहे: या जोडावर नको. साधं सिलिकॉन एक्झॉस्टच्या उष्णतेला टिकत नाही, आणि आत दाबला गेलेला तुकडा सुटून पाण्याची वाट अडवतो. शिवाय मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्यामधल्या गॅस्केटमध्ये पाण्याचं भोक आणि वायूचं भोक यांच्यात जेमतेम एक पट्टी असते. बाहेरून लेप दिला की ठिबक थांबतं, आतली पट्टी फुटलेली तशीच राहते.

आणि यानंतरच "इंजिन नीट चालतंय" हे वाक्य जीवघेणं ठरतं. चालू इंजिनात वायूचा जोर आत झिरपलेलं पाणी बाहेर ढकलत राहतो. इंजिन बंद झालं की जॅकेटमधलं पाणी चिरेतून खाली उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात शिरतं. पाणी दाबलं जात नाही. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला की पिस्टन त्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर धपकन थांबला, प्लगवर गंज दिसला, तेल दुधाळ झालं, किंवा कुठेही ठिबक नसताना कूलंट कमी होत गेलं, तर तिथेच थांबा. प्लग (डिझेलला इंजेक्टर) काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा आणि तेल लगेच बदला, एकदा बदलून भागत नाही. वायूच्या बाजूचा जोड बाहेर गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर येतो. त्याला वास नसतो, आणि केबिनमध्ये माणसं झोपलेली असतात.

सिलिंडरमध्ये पाणी सापडलं म्हणून लगेच मॅनिफोल्डलाही दोष देऊ नये. इंजिन पाणरेषेच्या खाली असेल आणि सायफन तोडणारा व्हॉल्व्ह (हवा आत घेऊन पाण्याचा आपोआप ओढा थांबवणारा) अडकला असेल, तर बंद इंजिनात समुद्र आपोआप शिरतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारतच राहिलं, तरी सायलेन्सर भरून पाणी उलटं येतं.

राहिली प्रेशर टेस्ट. ती जरूर घ्या. सगळी तोंडं बंद करून साधारण 15 पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. पण नापास झाली तरच ती पुरावा आहे. केसाएवढी चीर थंड धातूत मिटलेली असते आणि गरम झाल्यावर उघडते. रायझर काढून फक्त मॅनिफोल्ड तपासला असेल, तर रायझर आणि तो जोड तपासलेलाच नाही. खाऱ्या पाण्यात थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारे रायझर आतून गंजून पातळ होतात. म्हणूनच ते साधारण 5 ते 7 वर्षांनी बदलण्याची पद्धत आहे, टेस्ट पास झाली तरी.

रायझर काढलाच असेल तर वायूच्या वाटेत टॉर्च मारा. काळी, कोरडी काजळी असेल तर बरं. तिच्यावरून जोडापासून खाली उतरलेला तांबूस ओघळ दिसला, तर टेस्टचा दाबाचा काटा काहीही दाखवो, पाणी आत जातंय.